घरातल्या वस्तूंतून ध्वनिकला: या चुका टाळा

पातेली, पराती, किसणी, डबे, रबर बँड, फुगे, सायकलचे स्पोक यांतून आवाजाची रचना करायला बसलेल्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते. "हाताने वाजवलं तेव्हा मस्त घुमलं, रेकॉर्डिंगमध्ये मात्र नुसती टकटक." मग खरेदीची यादी सुरू होते. चांगला माइक, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र), नवा फोन. खरेदी थोडी थांबवा. अशा बहुतेक तक्रारींचं मूळ माइकच्या अलीकडे असतं. वस्तू कशी धरली, कशावर ठेवली, कशाने वाजवली आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं, यातच आवाज मरतो. तिथून सुरुवात करू.

वस्तूचा गळा आवळू नका

सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवतो. परात ओट्यावर सपाट ठेवून वाजवली की तिचा अख्खा तळ दगडाला टेकलेला असतो. थरथरायला जागाच उरत नाही. पातेलं मुठीत घट्ट धरलं की हाताचं मांस कंपनं पिऊन टाकतं. भांड्यात सगळ्यात जास्त हलते ती कड, आणि तळाचा मध्य त्या मानाने शांत असतो. म्हणून आधार द्यायचा तो तळाच्या मध्याला, तोही मऊ आणि लहान. घागर डोक्यावर घेताना कापडाची जी चुंबळ करत, तशी छोटी चुंबळ करून भांड्याखाली ठेवा. त्याच तांब्याचा आवाज कितीतरी लांबतो. याहून चांगलं म्हणजे सुतळीने टांगणं.

नळी किंवा पट्टी टांगायची असेल तर अंदाजाने टांगू नका. दोन्ही टोकं मोकळी असलेली पट्टी वाजते तेव्हा तिच्यावर दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. प्रत्येक टोकापासून एकूण लांबीच्या सुमारे २२.४ टक्क्यांवर. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या पाइपाला टोकापासून साधारण साडेतेरा सेंटिमीटरवर भोक पाडा किंवा दोरी बांधा. मध्यावर बांधलात, तर नेमकी जिथे सर्वात जास्त हालचाल व्हायची तीच जागा दाबली जाते आणि मुख्य स्वर गिळला जातो.

पाइपाबाबतीत दुसरी फसगत कापताना होते. तार निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो, बासरीसारख्या हवेच्या नळीतही साधारण तसंच. ठोकून वाजवायच्या पाइपाला हा हिशेब लागू नाही. तिथे कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून निम्मा कापलेला पाइप थेट दोन सप्तकं वर जातो. एकच सप्तक हवं असेल तर ६० सेंटिमीटरचा तुकडा ४२.४ सेंटिमीटरवर कापायचा. कापलेला पाइप परत जोडता येत नाही, म्हणून आधी कागदावर हिशेब करा आणि थोडा लांबच कापा. कानस मारून स्वर हळूहळू वर नेता येतो.

पाण्याचंही असंच. जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढवलं की स्वर खाली उतरतो, कारण कंप पावणाऱ्या काठाला पाण्याचं ओझं होतं. पण बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर पाणी वाढवल्यावर स्वर चढतो, कारण आता वाजतेय ती आतली हवा आणि तिची जागा कमी झाली आहे. एकाच बाटलीवर ठोका आणि फुंकर असं आळीपाळीने करून बघा. दोन स्वर उलट दिशांना सरकताना ऐकणं हा स्वतःच रचनेचा एक सुंदर भाग होऊ शकतो.

धातू निवडताना घाई नको. आपलं नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखलं जातं. जुन्या घरांच्या माळ्यावर अजून पितळी घागर, कांस्याची थाळी, लोखंडी खलबत्ता सापडतो. कांस्य म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. घंटा याच जातीच्या मिश्रधातूच्या असतात, म्हणून कांस्याच्या ताटलीचा नाद इतका रेंगाळतो. पितळेत तांब्याबरोबर जस्त येतं, त्याचा आवाज वेगळा आणि थोडा आखूड. ॲल्युमिनियमचं पातेलं लवकर गप्प होतं, पण कोरडा, तुटक ठोका हवा असेल तर तेच कामाचं. भांडी बाजारात गेलात तर भांडं बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारून घ्या. जुनी माणसं खरेदी करताना हेच करत. चीर गेली असेल तर तिथेच कळतं.

आणि चमचा. सगळं चमच्याने वाजवण्याचा मोह आवरा. कठीण वस्तूने मारलं की वरचे, किणकिणणारे स्वर उठतात. मऊ वस्तूने मारलं की खालचे. पेन्सिलीच्या टोकाला रबर बँड गुंडाळून एक टिपरी करा, दुसऱ्या टोकाला कापूस आणि फडकं बांधा. उसळणाऱ्या रबरी चेंडूत विणकामाची सुई खुपसून तो परातीच्या पाठीवर ओढा. माणूस कण्हल्यासारखा दीर्घ आवाज येतो. नायलॉनच्या दोऱ्याला राळ चोळून तो थाळीच्या काठावरून ओढला तर व्हायोलिनच्या गजासारखं काम होतं. घासणं, ओढणं, कुरतडणं, हे सगळं ठोकण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि नवखी माणसं तिकडे फार उशिरा वळतात.

पायझोची चकती: आवाज पातळ का येतो?

बझरमध्ये असते ती पितळेची पातळ चकती वस्तूला चिकटवली की तिचा कॉन्टॅक्ट माइक होतो. हवेतला आवाज ती जवळपास ऐकत नाही, वस्तूच्या अंगातली कंपनं ऐकते. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात "पायझो प्लेट" म्हणून मागा, २७ किंवा ३५ मिलिमीटरची घ्या. अगदी स्वस्त असते, एकदम चार-पाच घेऊन ठेवा.

घरी येऊन ती थेट फोनच्या किंवा साउंड मिक्सरच्या माइक सॉकेटमध्ये लावली की आवाज पत्र्यासारखा, खाली पोकळ. लोक चकतीला दोष देतात. चकती निर्दोष असते. विजेच्या दृष्टीने ती एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग आहे, २७ मिलिमीटरची चकती ढोबळमानाने २० नॅनोफॅरडची. समोरच्या सॉकेटचा रोध (विजेला होणारा अडथळा) १० किलोओम असेल तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. म्हणजे घागरीचा पोटातला घुमारा गेलाच. रोध १ मेगाओम, म्हणजे शंभरपट असेल तर ही सीमा ८ हर्ट्झवर जाते आणि सगळं ऐकू येतं. उपाय सोपा आहे. इंटरफेसवर गिटारसाठीचं "इन्स्ट्रुमेंट" सॉकेट असेल ते वापरा. नसेल तर गिटारचा छोटा प्रीॲम्प, किंवा जेफेट नावाच्या एका ट्रान्झिस्टरवर नऊ व्होल्टच्या बॅटरीने चालणारा बफर, म्हणजे चकतीवर ओझं न टाकणारं छोटं सर्किट, मध्ये लावा.

कमी वेळात पाहण्यासारखे बाकीचे बिघाड असे. सतत "घूंऽऽ" येत असेल तर ती ५० हर्ट्झची घरगुती वीज आहे. साधी वायर काढून आवरण असलेली शील्डेड वायर लावा, लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. पितळेला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर शील्ड नीट जोडलेलं नाही. आवाज बोदा येत असेल तर चकती फोमच्या जाड टेपने चिकटवली असणार. फोम कंपनं खातो. पातळ दुहेरी टेप, मेण किंवा लहान क्लॅम्प वापरा. चकतीच्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंगची इस्त्री क्षणभरच टेकवा, जास्त वेळ धरलीत तर चांदीचा थर सुटतो. सोल्डर करताना खिडकी उघडी हवी. चकतीवर थेट जोरात ठोकू नका, तिच्यातून निघणारा व्होल्टेजचा झटका नाजूक इनपुटला सोसत नाही. आणि गरम तव्याला, कुकरला ती लावू नका. फार तापली की तिचा गुण कायमचा जातो.

पाण्यात बुडवायची असेल तर वायरच्या जोडासकट नेलपॉलिशचे दोन-तीन थर द्या, वाळू द्या, मग फुग्यात घालून तोंड घट्ट बांधा. ग्लासभर पाण्यात बर्फाचा खडा टाकून आतून ऐका. तडकणारा बर्फ आणि सोड्याचे बुडबुडे पाण्याखाली जे बोलतात ते बाहेरच्या कानाला कधीच मिळत नाही.

घर शांत आहे, असं समजू नका

कान सवयीच्या आवाजांकडे काणाडोळा करतो, माइक करत नाही. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर, ट्यूबलाइटचा चोक, वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर, हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये बसलेलं असतं. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. चित्रपटाचे ध्वनिमुद्रक वापरतात ती ही युक्ती आहे. किल्लीशिवाय घर सोडता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचं विसरत नाही. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला की वैतागू नका. बॅटरीवरचं सगळं चार्ज करून ठेवा आणि इन्व्हर्टरही बंद करा. तेवढ्या वेळात घर जितकं खरोखर शांत असतं तितकं एरवी नसतं.

नाशिकचे स्वतःचे काही आवाज आहेत आणि ते मुद्दाम ओळखून ठेवायला हवेत. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, तिथली लढाऊ विमानं वरून गेली की मिनिटभराचं रेकॉर्डिंग वाया. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. दूरवरच्या तोफेचा दणका कानाला पुसटसा वाटतो, पण सॉफ्टवेअरमधल्या आवाजाच्या लाटेच्या चित्रात मोठा उंचवटा दिसतो. असं काही सापडलं की "माइक खराब आहे" म्हणून पुसून टाकू नका. आधी ओळखा, मग ते रचनेत ठेवायचं की नाही ते ठरवा. पंचवटीत राहणाऱ्याच्या तांब्याच्या नादामागे देवळाची घंटा आलीच, तर तिला हाकलायलाच हवं असं नाही.

नव्या फ्लॅटमधल्या टाइल्स आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे सगळं न्हाणीघरात रेकॉर्ड केल्यासारखं ऐकू येतं. जाड गोधड्या दोरीवर टाकून वस्तूच्या दोन-तीन बाजूंना उभ्या करा, माइक वस्तूच्या वीतभर अंतरावर आणा. एक बाजू मोकळी ठेवा, नाहीतर आवाज कोंडतो. शिवाय दर बैठकीला काहीही न वाजवता मिनिटभर खोली रेकॉर्ड करून ठेवा. दोन तुकडे जोडताना मध्ये जे भोक पडतं ते बुजवायला हाच तुकडा लागतो.

घुमारा हवा असेल तर? पांडवलेणीतली गुहा डोळ्यांसमोर येणं साहजिक आहे. पण ते संरक्षित स्मारक आहे, तिथे भांडी घेऊन जाणं योग्य नाही. पाण्याचं रिकामं पिंप घ्या. त्यात छोटा स्पीकर सोडा, तोंडाशी माइक धरा आणि आधी केलेलं रेकॉर्डिंग त्यातून पुन्हा रेकॉर्ड करा. इमारतीचा जिना दुपारी रिकामा असेल तर तोही उत्तम. सॉफ्टवेअरमधल्या तयार रिव्हर्बपेक्षा हा घुमारा तुमच्या घराचा असतो, आणि मला तो नेहमीच जास्त पटतो.

फोन तुमच्या वतीने निर्णय घेतो

फोनवर रेकॉर्ड करायला हरकत नाही. पण व्हॉइस नोट बोलण्यासाठी बनवलेली असते. ती थाळीच्या नादाची रेंगाळणारी शेपटी "नॉइज" समजून कापते, हळू आवाज वर खेचते, मोठा खाली दाबते. असं ॲप घ्या ज्यात आपोआप आवाज वाढवणं आणि नॉइज कमी करणं बंद करता येतं, आणि वेव्ह फाइल (आवाज न आकसवता साठवणारी) मिळते. ४८ किलोहर्ट्झ, जमल्यास २४ बिट. सर्वात मोठा ठोका ॲपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा) राहील अशी पातळी ठेवा. लाटेचं डोकं छाटलं गेलं की ते मूळ स्वरूपात परत आणता येत नाही, पण हळू आलेलं नंतर वाढवता येतं. मित्राला पाठवताना व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला नाव देताना वस्तू, टिपरी, आधार आणि जागा लिहा. "रेकॉर्डिंग ४७" वरून दोन महिन्यांनी काहीही कळत नाही.

प्रायोगिक म्हणजे काहीही नव्हे

तांत्रिक दोष दुरुस्त होतात. पुढची चूक जास्त खोल आहे आणि मला तिच्याबद्दल मनापासून बोलायचं आहे. घरात फिरून मिळेल ते वाजवायचं, वीस आवाज एकावर एक चढवायचे, सगळ्यावर रिव्हर्ब ओतायचा आणि तरीही पोकळ वाटलं की खाली ताल टाकायचा. नाशिकमध्ये हा मोह फारच जवळचा, कारण नाशिक ढोल आपल्या अंगात भिनलेला आहे. ढोल सुरू झाला की ऐकणाऱ्याचं शरीर ढोलाकडे वळतं आणि किसणीचा बारीक खरखरता पोत कुणाच्याही कानी पडत नाही. ढोल ही स्वतंत्र आणि थोर गोष्ट आहे, तिला आधाराला आणू नका.

फ्रेंच रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफेर यांनी ५ ऑक्टोबर १९४८ रोजी नुसत्या आवाजांची मैफल प्रसारित केली. त्यात आगगाड्या होत्या, स्वयंपाकघरातली भांडीही होती. त्याच वर्षी त्यांच्या हाती एक साधी गोष्ट लागली. घंटेच्या रेकॉर्डिंगमधून ठोक्याचा क्षण काढून टाकला, तर उरलेला नाद घंटेचा वाटतच नाही. म्हणजे वस्तूची ओळख आपल्याला बरीचशी पहिल्या क्षणात पटते. हे आजच करून पाहा. पितळी तांब्या टांगून वाजवा, ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठोक्याचा अगदी सुरुवातीचा अंश कापा, कापलेल्या टोकाला छोटा फेड-इन द्या, म्हणजे आवाज शून्यापासून हळूहळू वर येऊ द्या. मग तोच तुकडा निम्म्या वेगाने वाजवा, तो एक सप्तक खाली उतरेल. एका तांब्यातून असे कितीतरी आवाज निघतात. दुसरी वस्तू उचलण्याआधी पहिली संपवा.

आणि १९६० साली अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी अमेरिकेतल्या टीव्हीवर बाथटब, मिक्सर, बर्फाचे खडे, रेडिओ अशा वस्तूंची रचना सादर केली, तेव्हा त्यांच्या हाती स्टॉपवॉच होतं. कोणती वस्तू कोणत्या सेकंदाला, हे आधी लिहिलेलं होतं. प्रेक्षक हसले, तरी ते शिस्तीत वाजवत राहिले. तुम्हीही कागद घ्या, आडवी रेघ ओढा, सेकंद मांडा, रिकाम्या जागा खुणेने दाखवा. शांतता कुठे आहे हे लिहिलं नाही तर ती रचनेत येतच नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येक रचनेसाठी वेगळा सोडवावा लागतो. वस्तू ओळखू यावी की नाही? मोहरी तडतडली की मराठी माणसाला वास येतो, भूक लागते, आई आठवते. ते हवं असेल तर फोडणी तशीच ठेवा, तिच्यावर काहीही करू नका. नको असेल तर तिला इतकी संथ करा की प्रत्येक दाण्याचा स्फोट वेगळा ऐकू येईल. अर्धवट बदललेली फोडणी दोन्हीकडून जाते.

जिवाशी आणि घरच्यांशी खेळ नको

मिक्सर, पंखा, जुना टीव्ही उघडून आत वायरी जोडू नका. तुमचं सगळं सर्किट बॅटरीवर चाललं पाहिजे. भरलेला असो की रिकामा, गॅस सिलिंडर वाजवू नका. कुकरची शिट्टी आवाजासाठी अडवू किंवा वाकवू नका. हेडफोन कानाला लावण्याआधी पातळी शून्यावर आणा, कारण कॉन्टॅक्ट माइकचा एक धक्का कानाला इजा करू शकतो. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामगारांसाठीची प्रचलित मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई असेल तर आत ठोकू, घासू नका, थर निघतो आणि मग त्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवता येत नाही. देवघरातली घंटा घ्यायची तर आजीला विचारा. तिने नको म्हटलं तर विषय संपला. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, शेजाऱ्यांना ती सांगायची वेळ येऊ देऊ नका.

ऐकवताना

फोनच्या स्पीकरवर घागरीचा घुमारा नसतोच, त्यामुळे त्यावर ऐकून समतोल साधू नका आणि लोकांनाही त्यावर ऐकवू नका. साध्या दोन स्पीकरांवर, वेगवेगळ्या खोल्यांत ऐकून पाहा.

आणखी चांगला मार्ग म्हणजे वस्तूलाच स्पीकर करणं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६८ पासून हे केलं. कागदी शंकू नसलेला, एक्सायटर नावाचा कंपक मिळतो. तो परातीच्या पाठीवर चिकटवला आणि त्यातून किसणीचं रेकॉर्डिंग सोडलं की परात किसणीच्या भाषेत बोलू लागते. इथे तीन बिघाड हमखास होतात. भसाभसा खरखर आली तर एक्सायटर सैल बसला आहे, कोरड्या स्वच्छ पृष्ठभागावर पुन्हा चिकटवा. आवाज अगदीच दबला तर परात जमिनीला टेकलेली आहे, टांगा. एकच स्वर ओरडत असेल तर तो परातीचा स्वतःचा स्वर आहे. सॉफ्टवेअरमध्ये नेमकी तीच पट्टी थोडी खाली आणा, किंवा एक्सायटर मध्यापासून बाजूला सरकवा.

वाड्याच्या ओसरीवर किंवा मित्राच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसांना बोलावणार असाल तर तालीम त्याच जागी, त्याच वेळी करा. एप्रिल-मेमध्ये पंखे बंद ठेवून कुणी बसणार नाही. पंखा चालू ठेवूनच ऐका, आणि जो आवाज त्यात बुडतो तो डिसेंबरसाठी राखून ठेवा.